मच्छरदाणीतली टाकी

सुभद्रे,

साम्राज्यं बुडतात, माणसांचे राग विरतात. टिकतो तो फक्त रंग. तो अजून ओला आहे, हात लावू नको.

हिंमतच्या फटफटीची पेट्रोलची टाकी माझ्या मच्छरदाणीत टांगली आहे. सोड्याने धुतली, काचकागदाने गंज काढला. पण रंगाचा पहिला हात अंगणात दिला आणि समोरच्या जिनिंग कारखान्यातली रुई उडून चिकटल्याने टाकीला पांढरी दाढी आली. ती खरवडून पुन्हा रंगवली. कंदील जवळ नेऊ नको.

हिंमत संध्याकाळच्या गाडीने येईल. मी नांदुऱ्याला भगवंतरावांकडे जातो. वर्तमानपत्रात मी त्याच्या फटफटीची टर उडवली, तेव्हा सगळं मलकापूर हसलं. "बाबा, लिहाले माहीच फटफटी सापडली काय तुमाले?" एवढं विचारून तो फटफटी इथेच टाकून घरातून गेला, त्याला वर्ष झालं. लेख चांगला जमला होता.

टाकी कोणी रंगवली असं त्याने विचारलं तर पेंटरने म्हणून सांग. मी कुठे आहे असं विचारलं तर लगेच निरोप धाड. नाही विचारलं तर मी तो गेल्यावर येईन.

आणि त्याला बाजारातून दाढीचा एक ब्रश आणायला सांग. माझा हिरवा झाला आहे.