टाचणवहीतला अकरावा आठवडा

कोल्हार,
रविवार, ता. २१ जानेवारी १९७३

प्रिय हन्नाताईस,
साराचा प्रेमाचा सलाम.

तुझे पत्र बुधवारी पोचले. गुडघ्याला शेक घेत जा. वॉर्डातल्या इतरांना सांगतेस आणि स्वतः मात्र दोन-दोन पाळ्या उभी राहतेस. इथे आम्ही ठीक. प्रवरेत पुलाखाली चार डबकी उरली आहेत. कालव्याला पाणी सुटणार, सुटणार म्हणतात, पण अजून टिपूस नाही. शाळेतली निम्मी मुले आईबापांबरोबर खडीच्या कामावर गेली. ह्यांच्या चौथीच्या वर्गात कालच्याला अकरा टाळकी होती.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. वाचून झाले की पत्र चुलीत घाल.

ह्यांचे काहीतरी चालले आहे. डिसेंबरपासून शाळा सुटल्यावर घरी येत नाहीत. पाचला मुले जातात, हे सातला येतात. विचारले तर "टाचण काढतो," म्हणतात. मास्तरांनी पुढच्या आठवड्यात काय शिकवायचे ते वहीत काढून ठेवावे लागते, हे मला ठाऊक आहे. पण चौथीच्या अकरा पोरांसाठी रोज दोन तास?

त्यातून दर मंगळवारी नगरहून एक कार्ड येते. पोस्टमन गहिनीनाथ ते शाळेतच देतो. गेल्या मंगळवारी शाळेला सुटी होती म्हणून घरी आणून दिले. मी वाचले. उघडे कार्ड वाचण्यात पाप नाही. वर-खाली काही नाही, मधे एवढेच: "ठरवले १२, झाले ७. पाच का राहिले? कारण लिहावे. र." अक्षर गोल, बाईचे. मी कार्ड ह्यांच्या हातात दिले तर ह्यांनी ते न वाचताच खिशात घातले. मी म्हटले, "कुणाचं?" तर म्हणाले, "शाळेचं." शाळेच्या कामाचे कार्ड 'र' लिहून कोण पाठवते?

मग शुक्रवारी ह्यांच्या वह्यांच्या गठ्ठ्यात एक टाचणवही मिळाली. हेडमास्तरांची सही नाही, तांबड्या शाईचा शेरा नाही. आडव्या-उभ्या रेघा मात्र अगदी शाळेसारख्या. आठवडा, विषय, ठरवले, झाले, शेरा. आणि विषयाच्या खाली काय, तर "आठवडा चौथा: राहीला घेऊन नदीवर." पुढे बारा, बारा. "आठवडा सहावा: राही रुसते." बारा, नऊ. ताई, बारा काय? कसले बारा?

आपल्या शाळेत पाणी भरायला एक राहीबाई येते, चाळिशीची विधवा. मी मुद्दाम तिच्याशी बोलायला गेले. म्हटले, "मास्तर संध्याकाळी शाळेतच असतात का गं?" ती म्हणाली, "असत्यात की. एकलेच बसत्यात, दार सताड उघडं ठिवून. लिव्हत्यात." "काय लिहितात?" "मला काय ठावं बाई, मला वाचाया येतंय व्हय? पर लिव्हताना मधीच थांबत्यात अन् भिताडाकडं बघत्यात." ती खोटे बोलत असेल असे तिच्या तोंडावरून वाटले नाही. पण कुणाच्या तोंडावर काय भरवसा ठेवायचा.

ह्यांचा टीपकागद मी आरशासमोर धरला. उलटी अक्षरे सुलटी झाली. "रतन" आणि खाली "माळीवाडा, मारुतीच्या मागे" एवढे लागले. तू नगरमध्येच आहेस, एकदा तिकडे जाऊन ये. नर्सचा पोशाख असला की कुठल्याही घरात शिरता येते. ती कोण, वय काय, घरात पुरुषमाणूस आहे का, तेवढे बघ. माझे नाव काढू नकोस.

तुझी,
सारा


कोल्हार,
रविवार, ता. १८ मार्च १९७३

प्रिय ताई,
सलाम. तुझे पत्र येऊन पाच आठवडे झाले आणि मी उत्तर दिले नाही. लाजेने दिले नाही असे समज.

तर रतनबाई अडुसष्ट वर्षांच्या. एका डोळ्यात मोतीबिंदू. लहानपणी ह्यांना मराठी शिकवलेल्या. तू लिहितेस, बाईंनी तुला चहा पाजला आणि म्हणाल्या, "कृपादान कादंबरी लिहितोय. शाळेत असतानाही अर्धंच काम करायचा, म्हणून मी त्याला आठवड्याला बारा पानं बांधून दिलीत." म्हणजे बारा पाने. मी ते पत्र दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा चुलीपुढे बसून स्वतःवरच हसले.

पण ताई, हसू दोन दिवसही टिकले नाही. बायको असताना नवरा कादंबरी चोरून का लिहितो? नवऱ्याने मला निबंध वाचून दाखवले आहेत, सरकारी अर्जसुद्धा वाचून दाखवले आहेत. हीच लपवायची, तर तिच्यात लपवण्यासारखे काहीतरी असणार.

गेल्या गुरुवारी दुपारी मी ट्रंक उघडली. किल्ली ह्यांच्या जुन्या कोटात असते. तीन चाळीसपानी वह्या. मी भाकरी टाकायची सोडून तिथेच जमिनीवर बसून वाचत राहिले. एक मास्तर, नदीकाठचे गाव, त्याची बायको राही. राहीच्या कानामागे तीळ. राहीला जात्यावर बसले की शिंका येतात. ती राही म्हणजे मी आहे. त्यांना एक मुलगी होते, मनू. मनू साडेतीन वर्षांची होते. बोबडे बोलते, मांजराला बिस्किट चारते. आपल्या गेलेल्या रूथसारखीच. आणि मनूला पावसाळ्यात जुलाब सुरू होतात, तिथे तिसरी वही थांबते.

टाचणात पाहिले. "आठवडा अकरावा: दवाखान्याचा दिवस. ठरवले १२, झाले ०." खाली पुन्हा "अकरावा," पुन्हा शून्य. असे पाच वेळा. शेऱ्याची जागा पाचही वेळा कोरी. बाईंची कार्डेही वहीतच होती. प्रत्येकावर "कारण लिहावे".

मला एकदम कळले, हे कशासाठी थांबले आहेत. हे माहिती गोळा करत आहेत. मागच्याच आठवड्यात जेवताना मला विचारले, "सारा, त्या दिवशी सकाळी पाऊस होता का?"

मी म्हटले, "कुठल्या दिवशी?"

"त्या दिवशी."

"नाही आठवत."

"स्टँडवर कोण कोण होतं?"

"कुणी नव्हतं. गाडीच आली नाही, तर कोण असणार?"

हे ताटातले सगळे संपवून उठले. अडीच वर्षांत त्या दिवसाबद्दल ज्याने चकार शब्द काढला नाही, तो माणूस आता पाऊस का विचारतो? त्याला पुस्तकात काय छापायचे आहे? मनू कुणाच्या हलगर्जीपणाने गेली असे लोक वाचणार? उद्या कादंबरी निघाली की माहेरची-सासरची सगळी माणसे राहीच्या जागी मला बघतील.

त्या सकाळी गाडी आली नाही. तुला हे मी तेव्हाच सांगितले आहे. सगळ्यांनाच सांगितले आहे.

मी तिसरी वही आणि टाचणवही काढून ज्वारीच्या कणगीत खोल पुरून ठेवली. शुक्रवारी ह्यांनी ट्रंक उघडली. बराच वेळ आत बघत राहिले. मी भाजी निवडत होते. मला वाटले आता विचारतील, मग मी भांडेन. त्यांनी ट्रंक लावली आणि मला म्हणाले, "मिरच्या संपल्यात का?" न विचारता राहिले म्हणजे त्यांना माझाच संशय आहे. आम्ही दोघे आता एकमेकांच्या पाठीकडे बघत घरात वावरतो.

तू काय म्हणतेस ते लिही. आणि ह्यांच्याबद्दल माझ्याजवळ जे बोलायचे असेल ते बोल. मी मनावर घेणार नाही.

तुझी,
सारा


कोल्हार,
रविवार, ता. १५ एप्रिल १९७३

प्रिय हन्नाताई,

आज झावळ्यांचा रविवार. चर्चमधून येऊन बसले आहे. हे झोपले आहेत. तुझे पत्र मिळाले. तू लिहितेस, "त्याने लिहावेच. आपण पोटच्या पोरीला सोडून नगरला मास्तरांच्या शिबिरात बसलो होतो, हेही त्याने लिहावे." हे वाक्य वाचल्यापासून मला तुला एकच सांगायचे आहे. म्हणून आधी तेच लिहिते. ताई, गाडी आली होती.

साडेसहाची गाडी साडेसहालाच आली. मी स्टँडवर उभी होते, रूथ माझ्या खांद्यावर, चादरीत. रात्रभर तिला जुलाब झाले होते, अंगही तापले होते. गावातल्या डॉक्टरांची पुडी दिली होती. पहाटे जुलाब थांबले आणि ती शांत झाली. गाडी दिसली, मी हातही केला. तेवढ्यात वाटले, हिला आता बरे आहे, झोपली आहे. झोपलेल्या पोरीला घेऊन कशाला धक्के खायचे. तू नर्स आहेस, ती झोप कसली होती ते तुला सांगायला नको. मला तेव्हा कळले नाही. गाडी थांबली, कंडक्टरने "बसायचं का बाई?" म्हणून विचारले आणि मी मान हलवून माघारी फिरले. अकराला तिचे डोळे आत गेलेले दिसले, तेव्हा मिळाला त्या ट्रकने निघाले.

दवाखान्याच्या दारात तू तिला माझ्या हातातून घेतलेस आणि विचारलेस, "इतका उशीर का केलास?" तेव्हा माझ्या तोंडातून निघाले, गाडी आली नाही. एकदा निघाले ते निघाले. मग तू ह्यांना धरलेस, की घरात पुरुष असता तर त्याने दुसरे काही वाहन केले असते. मी ऐकत राहिले. तेव्हापासून तू ह्यांच्याशी बोलत नाहीस. मला ते सोयीचे होते, ताई. ह्यांच्याकडे बोट होते तोवर माझ्याकडे कुणी बघत नव्हते.

आता मागच्या महिन्यात काय झाले ते सांगते. शनिवारी सकाळची शाळा. हे बाराला घरी यायच्या आत मी दोन्ही वह्या कणगीतून काढून खाटेवर ठेवल्या. का काढल्या ते नीट सांगता येत नाही. घरात आम्ही दोघेच, आणि रोज एकमेकांपासून काही ना काही लपवायचे, त्याचा कंटाळा आला असेल.

हे आले. पाय धुतले. वह्यांकडे पाहिले.

"मी लपवल्या होत्या," मी म्हटले.

"ठाऊक आहे."

"तुम्ही मला विचारलं नाहीत."

"तू कधी काढून ठेवतेस त्याची वाट बघत होतो."

मग मीच म्हटले, "तुम्हाला राहीला दोषी ठरवायचं आहे ना? ठरवा. गाडी आली होती."

हे खाटेच्या कडेवर बसले. म्हणाले, "आली होती. त्याच वर्षी कळलं मला. स्टँडवर शेंगा विकते ना कडूबाई, ती पंधरा दिवसांत म्हणाली, मास्तर, बाईंनी गाडीला हात केला अन् माघारी फिरल्या. तिला वाटलं मला माहीत असेल."

 मी म्हटले, "अडीच वर्षं तुम्हाला माहीत होतं? आणि माझ्या बहिणीचे बोल खात राहिलात?"

"तुला विचारलं असतं, तर तू का फिरलीस ते तुला सांगावं लागलं असतं. आणि ते मला ऐकायचं नव्हतं." मग म्हणाले, "शिबिराला जायच्या आदल्या दिवशी मी तुला काय बोललो होतो?"

मला आठवत होते. रोज आठवत होते. तुलाही कधी सांगितले नाही. त्या दिवशी रूथला नुसता खोकला होता आणि मी नगरला तुझ्याकडे न्यायचे म्हणत होते. हे म्हणाले होते, "पोर शिंकली की धावलीस बहिणीकडे. माझ्या घरात तुझा जीव रमत नाही, दुसरं काय." गाडी समोर उभी असताना माझ्या कानात ते होते. आता पुन्हा गेले तर पुन्हा ऐकावे लागेल असे वाटले. ते वाटले नसते तरी फिरले असते का? पोरगी झोपली होती, म्हणून फिरले असतेही. ह्याचे उत्तर मला कधी मिळणार नाही.

"म्हणून शून्य पडतंय," हे म्हणाले. "पाच आठवडे बसलो. गाडी आली नाही असं लिहावं, तर ते खोटं. आली असं लिहावं, तर तुझं नाव जातं. माझं वाक्य लिहावं, तर हात पुढे सरकत नाही."

आणि मला वाटले होते की हे पुरावे गोळा करत आहेत.

त्या दुपारी मी त्यांना सगळी सकाळ सांगितली. पाऊस नव्हता, नुसते आभाळ होते. चादर निळी होती. रूथचा हात माझ्या मानेवर होता आणि तो गार लागत होता, आणि मी समजले की ताप उतरला. हे लिहीत नव्हते, फक्त ऐकत होते. हुंदका आला तेव्हा भिंतीकडे तोंड केले. नंतरच्या आठवड्यात पाच पाने झाली. मला वाचायला दिली. त्यांत त्यांनी आपले वाक्य जसेच्या तसे घातले होते, पण पुढे असे की त्या वाक्यामुळे राही गाडीपासून फिरली.

मी म्हटले, "एवढंच लिहू नका. वाक्य तुमचं होतं, पण पाय तिचे होते. ती तिच्या पायांनी फिरली."

"लोक तुला ओळखतील, सारा."

"ओळखू देत."

त्यावरून आमचे दोन दिवस भांडण झाले. अडीच वर्षांतले पहिले धड भांडण. शेवटी त्यांनी माझे ऐकले. शेऱ्याच्या जागेत काय लिहिले ते मी विचारले नाही, पण त्या मंगळवारी बाईंचे कार्ड आले त्यात कारण मागितलेले नव्हते. "पाच पुरेत," एवढेच होते. आता बारावा आठवडा चालू आहे. ह्यांना बसायला मी घरात खिडकीजवळ जागा केली आहे.

ताई, मी तुझ्याशी खोटे बोलले आणि त्या खोट्यावर तू एका माणसाला इतके दिवस दारात उभे केले नाहीस. तू माझ्यावर रागावशील. रागाव. ह्या पत्राचे काय करायचे ते तूच ठरव. चुलीत घाल असे मी ह्या वेळी म्हणणार नाही. मात्र ईस्टरला आम्ही दोघे नगरला येणार आहोत. रूथच्या कबरीवर हे माझ्याबरोबर कधी आलेले नाहीत. तू तिथे भेटलीस तर ह्यांच्याशी काय बोलायचे ते तुझे तू बघ. न भेटलीस तरी मी समजेन.

साडेसहाच्या गाडीपासून माघारी फिरलेली,
तुझी बहीण,
सारा