आजोबांच्या नावाची राजकन्या

प्रिय चंचल,

सांगते मी आणि लिहिते शेजारची भूमेश्वरी, तेव्हा अक्षर चांगलं दिसलं तर माझं समजू नको. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू मला मधेच गप्प करतेस. तुझं पुस्तक छापायला जायच्या आत हे पोचलं पाहिजे.

भूमेश्वरीने मला तुझी कादंबरी पुरी वाचून दाखवली. राजाची पोर केस कापून, पोराचे कपडे घालून फौजेत शिरते, हे पटलं. गुहा तर कचारगडचीच, लगेच ओळखली. पण बाई, पोराच्या वेशात तिनं नाव कोणतं घ्यावं? तुझ्या आजोबांचं! 'श्यामलाल' हे इथं भूमेश्वरीने आपल्या मनानं लिहिलं. माझ्या तोंडून ते लग्नापासून निघालं नाही, ते गेल्यावर आता काय निघते! धानाच्या रोवणीला बांधीत बायांना गोष्ट सांगायला गेले, तर म्हणावं लागलं, मग चंचलचे आजोबा तलवार घेऊन गुहेत शिरले, चंचलच्या आजोबांनी राक्षसिणीची वेणी कापली. बाया हातातले पऱ्हे टाकून हसून राहिल्या. तुलसा म्हणते, "काऊन वो, बुढा तं बेडकाले भेत होता!" भीत होते खरे.

एवढं चाललं असतं. पण लिहिणाऱ्याच्या जागीही तू तेच नाव छापणार म्हणे. कायले? तर बापाला कळू नये. नागपूरला परीक्षेसाठी पाठवलेली पोरगी गोष्टी लिहून राहिली, हे कळलं तर तो घरी बोलावेल. तुझी राजकन्या राक्षसिणीला भीत नाही, आणि तू बापाला, माझ्या इंद्रकुमारला भितेस! अगं, त्याचं नाक मी पुसलं आहे.

तर ऐक. काल जेवताना मीच त्याला सगळं सांगून टाकलं. त्यानं ताट सरकवलं. "शिकायले पाठवलं का गप्पा हाकायले?" मी भात वाढला आणि गोष्टच सुरू केली. गुहेचं तोंड बंद होते तिथवर आणली आणि म्हटलं, मला झोप आली. आज सकाळी चहाच्या आधी विचारतो, "माय, ते पोरगी बाहेर निघते का नाही?" म्हटलं, पुस्तक आल्यावर वाच. तेव्हा आता लपण्यात अर्थ नाही. छापणाऱ्याला कळव, वर 'चंचल इंद्रकुमार रहांगडाले' असंच घाल. बापाचा फोन येईल तुला. रागवायच्या आधी तो शेवट विचारेल. सांगू नको.

तुझीच, खाली अंगठा टेकवणारी,
आजी