चाळीस वर्षांची मापं

४ फेब्रुवारी
डावा डोळा गेलाच म्हणायचा. डॉक्टर म्हणाले, "उजव्याचंही सांगता येत नाही." सुनेला कळलं की माझ्या हातातली कात्री गेलीच! तिला कळता कामा नये.

चाळीस वर्षांच्या गिऱ्हाइकांची मापं माझ्या डोक्यात आहेत. उजवा शाबूत आहे तोवर सगळी दुकानातल्या त्या मदतनीसाला सांगून टाकायची. सुनेने महिन्यापूर्वी टॅबलेटवर बसवलाय. बोलतो, आणि ऐकलेलं नोंदून ठेवतो. अक्षरं चांगली मोठी आहेत, तेवढं बरं.

५ फेब्रुवारी
सत्तावीस गिऱ्हाइकं सांगितली. घसा बसला.

८ फेब्रुवारी
घोळ! आपल्या डॉक्टरीणबाई दोन — एक दातांच्या, एक जनावरांच्या. यानं दोघींची एकच करून टाकली. एकीचे खांदे, दुसरीची कंबर — आणि मी कोट कापून बसले! दातांच्या बाई आरशासमोर म्हणाल्या, "यात मी आणि माझी बहीण दोघी मावू." लाजेनं मेले.

वर शाळेतल्या मास्तरांचं नवं माप सांगितलं तर जुनं पुसून मोकळा! अरे, माणूस सुटतो, आटतो, पुन्हा सुटतो. जुनं माप लागतंच. पण त्याला तरी काय बोल लावायचा? मीच नुसतं ओतत सुटले होते.

९ फेब्रुवारी
नियम घातले. एका माणसाचं एक कार्ड. प्रत्येक नोंदीवर तारीख, आणि कुणी सांगितलं ते — आधीच्या नोंदींवरसुद्धा. जुनं पुसायचं नाही, नव्याच्या खाली ठेवायचं.

सून हसली. "आई, तुम्ही तर त्यालाही शिस्त लावलीत!" आणि टाचण्यांचा डबा पुन्हा माझ्या उजवीकडे ठेवून गेली. जन्मभर डावीकडे असायचा. वेंधळी!

१४ फेब्रुवारी
कापताना कापड डावीकडून घसरलं. तोंडून गेलं, "मेला डावा डोळा, काही दिसत नाही!" मदतनीसानं ते लगेच माझ्या नावाच्या कार्डावर चढवलं. म्हटलं, सुनेला सांगू नकोस. तर म्हणतो, "दुकानाची नोंदवही दोघींची एकच आहे, त्याही बघू शकतात. नोंद काढून टाकू का?"
काढ बाबा, काढ!

२ मार्च
एकशे नव्वद कार्डं. डोळा दुखतोय. थांबणार नाही.

३ मार्च
संपलं. शेवटी त्याला माझंच कार्ड वाचायला लावलं — ती नोंद खरंच गेली ना? गेली होती. खाली दुसरीच होती.

"सांगणारी, सून. अकरा जानेवारी. आईंना डावीकडून दिसत नाही. त्यांना विचारू नकोस. अक्षरं मोठी ठेव. कापायचं टेबल त्यांचंच."

ही काढायला सांगितली नाही.