माझा शस्त्रक्रियेचा नंबर मुलीच्या प्लॅस्टरसाठी देण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
अस्थिरोग विभाग, सरकारी रुग्णालय.

विषय : वडिलांचा नंबर मुलीस मिळणेबाबत.
संदर्भ : खिडकीवर मिळालेला तोंडी नकार.

महोदय,

१. मी कारखान्यात कापड कापतो. काम उभ्याचे. माझे उजवे पाऊल जन्मतः आत वळलेले आहे. लहानपणी तेलाने चोळण्यापलीकडे काही झाले नाही, त्यामुळे आजवर पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालत आलो. आता हाडे कापून जोडावी लागतील. माझा नंबर पुढच्या महिन्यात आहे.

२. मुलीचे पाऊलही तसेच. तिला दुसरा आजार नाही. डॉक्टर म्हणाले, नक्की कारण सांगता येत नाही, घराण्यातून येऊ शकते. घराण्यातून म्हणजे कोणाकडून, हे घरात कोणी विचारले नाही. दर आठवड्याला नवे प्लॅस्टर, मग टाचेमागच्या शिरेला छोटा छेद, असे करून पाऊल सरळ झाले. पुढे पाऊल परत वळू नये म्हणून चार वर्षांची होईपर्यंत रात्री दांडीला जोडलेले बूट घालायचे होते.

३. ते बूट माझी आई रोज आम्ही झोपल्यावर काढायची आणि उठायच्या आत पुन्हा चढवायची. "सरळ झालाय की पाय, आता कशाला जखडायचं लेकराला?" असे तिचे म्हणणे. माझा पाय चोळता चोळता तिचे अर्धे आयुष्य गेले. तिला काय बोलणार? पाऊल पुन्हा वळले, तेव्हा हे कळले. याचे मला फारसे काही वाटेनासे झाले आहे.

४. खिडकीवरील बाईंनी सांगितले की, केसपेपरवर 'बरी' असा शेरा असल्याने पाऊल वाकडे असू शकत नाही. मी मुलीचा मोजा काढून दाखवला. त्यावर नवा नंबर वर्षाने मिळेल, असे समजले. माझा नंबर देऊ केला, तर मोठ्यांचा नंबर लहानांना चालत नाही, असे उत्तर आले. ते नियमाला धरून असेलही.

५. मुलगी आता भिंतीला धरून उभी राहते, पावलाच्या कडेवर. आत्ता पुन्हा प्लॅस्टरने भागेल, असे डॉक्टरांचे मत आहे.

६. तरी माझा नंबर तिला द्यावा. ते जमत नसेल, तर माझी शस्त्रक्रियाही रद्द करावी. तिला असेच चालायचे असेल, तर तिच्याबरोबर तसे चालणारे घरात कोणीतरी असावे.

आपल्या सवडीची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
मुलीचे वडील

दिनांक : खिडकीवर अर्ज घेतील तो.
सोबत : एक्स-रे दोन. लहान पाऊल तिचे.