नावेच्या बुडातली फट

बाबा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, पण ती नाव अजून गोठ्यात आहे. म्हशी तिच्यात पाणी पितात. आता सुनेने सिमेंटचा हौद बांधून घेतला आणि म्हणाली, "मामाजी, ते डबडं सोमवारी भंगारवाल्याले देऊन टाकू." तेव्हापासून माझं जेवणात लक्ष नाही.

नाव केली तेव्हा आपण दोघं बुलढाण्याच्या कारखान्यात फायबरचे कूलर करत होतो. लाकडी साचा तुमचा. त्यावर मेण घासणं, काचेच्या धाग्यांची मॅट अंथरून चिकट रेझिन थापणं, अंग खाजवत घरी येणं माझं. बदलून आलेल्या एका साहेबांना सुटीच्या दिवशी जानेफळकडच्या तलावावर फिरायला शिडाची लहान नाव हवी होती. त्यांनी मासिकातलं चित्र दिलं, त्यावरून मी खाकी कागदावर नकाशा काढला. तुम्ही सातवीतून काढून माझ्या हातात रंधा दिला होता, तरी ते चित्र मला कळलं. बूड निमुळतं आणि त्याच्या मधोमध फट. त्या फटीतून फळी खाली पाण्यात सोडायची. वारा नावेला आडवं ढकलतो तेव्हा ती फळी पाण्यात पाय रोवते, म्हणून नाव पुढे जाते. फटीभोवती आतून उंच पेटी, म्हणजे पाणी वर येत नाही.

तुम्ही कागद हातात धरलाही नाही.

"नावेच्या बुडाले भोक? काऊन बे, साहेबाले बुडवतं का?"

"बाबा, भोवती पेटी राह्यते ना."

"पेटी राह्यते म्हणे! एखादं कूलर भोक पाडून इकून दाखव बरं."

सगळा कारखाना हसला. कारखान्यात येईपर्यंत तुम्ही जन्मभर बैलगाड्या केल्या. नवी गाडी अंगणात उभी करायची, फळ्यांवर काठोकाठ भरलेला पितळी पेला ठेवायचा, थेंब सांडला नाही की गाडी पास. नावेचा साचाही तसाच केला, बूड पाटासारखं सपाट. नाव निघाली, जमिनीवर ठेवली, वर पेला ठेवला. थेंब सांडला नाही. मग तुम्ही माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला अजून खुपतं. पाण्यावर चालायची वस्तू तुम्ही जमिनीवर तपासली, बाबा.

तलावावर साहेब एकटेच बसले. शीड फुगलं आणि नाव पुढे जायचं सोडून आडवी सरकत गेली ती थेट काठच्या बाभळीत. शीड टरकन फाटलं. काठावरून कोणी ओरडलं, "बैल आना रे! बिनबैलाची गाडी हाये ते!" साहेबांनी विचारलं, नकाशा कोणाचा? तुम्ही माझ्याकडे बोट केलं. "या पोराचा."

मी पोर नव्हतो, दोन लेकरांचा बाप होतो. नकाशा माझा हे खरं, पण बूड तुमचं होतं. साहेबांनी नाव परत पाठवली, ती आपल्या गोठ्यात पडली, गावाने मला नावाडी हे नाव ठेवलं, ते आजही चालू आहे. तुम्ही मरेपर्यंत एकदाही म्हणाला नाहीत, की माझं चुकलं.

काल मी नाव उलटी करून घासली. इतक्या वर्षांत कुठे तडा नाही, हात माझा चांगला होता. सपाट बुडालाही फट पाडता येते. पेन्सिलीने रेषा मारली, चारदा मोजली, घरात जाऊन आलो, पुन्हा मोजली.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच पुढचं लिहितो. तलावावर जायच्या आदल्या दिवशी नाव आपल्या अंगणात होती, तुम्ही जेवायला उठलात आणि पाठमोरेच म्हणालात, "करवत खुटीले हाये. येवढाच भरोसा असंन तं काप." मी करवत काढली होती, बुडाला टेकवलीही होती. मग मनात आलं, पाणी वर आलं तर? साहेबांना पोहता येतं का, तेही विचारलं नव्हतं. तुम्ही हात धुऊन यायच्या आत ती परत अडकवली. पुढे ज्याने विचारलं त्याला सांगितलं, बाबांनी कापू दिलं नाही. आज सकाळी सुनेलाही तेच सांगितलं.

हा कागद तुमच्या त्या पितळी पेल्याखाली ठेवतो. सोमवारला दोन दिवस आहेत. करवत अजून खुंटीलाच आहे.