बिनआवाजाचं गाणं

३ मार्च

चष्मेवाला आपला माणूस नाही. पैज लावतो.

चर्चला सील लागल्यापासून आम्ही नऊ जण रविवारी गादीवाल्या मामांच्या कारखान्यात, कापसाच्या गठ्ठ्यांमागे जमतो. प्रार्थना कुजबुजत. गाणी तर नुसत्या ओठांनी. चाल येत नसेल त्याला मामी कानाशी एकदा गुणगुणून देतात, बस. आम्ही माशांसारखे दिसतो. मामा गुडघ्यावर बोटाने ताल धरतात — मागच्या वर्षी चौकीत मोडलेल्या त्याच बोटाने. आणि हसतात! या माणसाला आनंद कशाचा होतो, याचाही मला संशयच आहे.

तर चष्मेवाला. तीनच आठवडे झालेत त्याला येऊन, आणि प्रार्थनेत डोळे उघडे ठेवतो. मला कसं कळलं? माझेही उघडेच असतात.

६ मार्च

मामींना सांगितलं. "तू आलास तेव्हा तुझ्यावरही घेतला होता संशय. खातोस मात्र घरच्यासारखा."

मामा म्हणाले, "जावईबापू, आधी उशा शिवा." त्यांना मुलगी नाही. काम टाळतो म्हणून जावई.

१० मार्च

चष्मेवाल्याचा पाठलाग केला. वाटेत एक जण बोलका पोपट विकत होता, तिथे थोडा थांबलो. चष्मेवाला हुकला.

१२ मार्च

मामांना नेलं. भर दुपारी, ताटावरून. चौकीचा साहेब म्हणाला, बाकीच्यांची नावं दे, नाहीतर सहा महिने आत. मामांनी शांतपणे हात धुतले.

मला म्हणाला, "तू नोकर ना? बाजूला हो." झालो बाजूला.

चष्मेवाला आज कामावर गेलाच नाही म्हणे. बघा.

१३ मार्च

चष्मेवाल्याची कॉलर धरली. डोळे का उघडे ठेवतोस? तो रडायलाच लागला. "मिटले की वाटतं, दार उघडलं कुणीतरी."

कॉलर सोडली. नीटही करून दिली.

१५ मार्च

मामांचा डबा घेऊन चौकीत गेलो. साहेब डबा उघडून बघत म्हणाला, "उशा पोचवताना शीळ घालतो तो तूच ना? छान घालतोस. चर्चला सील लावायला गेलो तेव्हा आत हेच गाणं चाललं होतं. म्हटलं, आता याला चाल आली कुठून? तुझ्या मागे मागे आलो."

मी शीळ घालतो? मला पत्ताच नाही. दर रविवारी ओठांत दाबलेलं बाहेर पडत होतं तर. अख्ख्या गावावर संशय घेऊन झाला, स्वतःचं तोंड राहिलं.

१६ मार्च

जाळीपलीकडून मामांना सगळं सांगितलं. मान वर होईना. ते पोट धरून हसायला लागले. "म्हणजे रस्त्यावर ऐकू गेलं म्हणायचं! अरे, वर्ष झालं रे ते गाणं कुणी ऐकून."

मग म्हणाले, "आता घरी जा. तू नोकर आहेस, लक्षात ठेव."

साहेब शेजारीच होता. त्यानेही तेच विचारलं, "नोकरच ना तू?"

१७ मार्च

नाही म्हणालो. हे आतून लिहितोय, पेन्सिल शिपायाची. सकाळी मामांनी आणि मी तिन्ही कडवी म्हटली, शब्दांसकट, मोठ्याने. मला आनंद होतोय. कशाचा, ते शोधत बसलो नाही.