हक्काचे चार दिवस

६ डिसेंबर
पंखा बंद केला! मी घामानं निथळायले अन् आमचे मालक दोन गोधड्यांत गुंडाळून म्हणतेत, "थंडीत पंखा? जीव घेतीस का माझा!" एक दिवस हे अंग घालायला देते तुमाला, मग बोला. पोटातनं वाफ उठती, गळ्याला येती, कानातनं निघती. चुलीम्होरं बसल्यागत. अन् चूल तर विझलेली!

७ डिसेंबर
कालवणात मीठ दोनदा पडलं. मालकांनी मुकाट खाल्लं. भेलेत.
नात संस्कृती म्हणली, "आजी, तू चिडलीस की तुझे कान लाल होतेत." म्हणलं, मग लांब राहा.

८ डिसेंबर
आशाताई करिष्मानं अंगणवाडीत बायका गोळा केल्त्या. पाळी जायच्या येळंला काय होतं ते सांगत हुती. वाफा, घाम, झोप उडणं, छातीत धडधड, इसरणं, उगी राग. शेजारची जाईबाई मला कोपरानं ढोसून म्हणली, "अगं, तुझीच कुंडली वाचायली की!"
"माझं अजून चालू हाय," म्हणलं. पापणी हलू दिली न्हाई.
खरं हितंच लिहिते. मागच्या साली पोळ्याला आलं ते शेवटचं. तवापासनं एक थेंब न्हाई.
पण सांगते कशाला! आमच्या सासूबाई भिवराबाई, ऐंशीला टेकल्या तरी नियम त्यांचाच. पाळी आली की बाईनं चार दिवस बाजूला. चूल, पाणी, देव, कशाला हात न्हाई. बाहेरच्या खोलीत खाटंवर बसायचं, सरकवलेलं ताट खायचं. शिकलेल्या बाया म्हणतेत, जुलूम हाय. असंल. पण लगीन झाल्यापासनं सुट्टी म्हणून मला एवढीच भेटली. मास्तराला रविवार, पोरांना दिवाळी, मला हे चार दिवस. पाळी गेली म्हणून सुट्टीबी घालवू? येडी हाय का मी! दर महिन्याला म्हणते, कावळा शिवला. अन् पडते खाटंवर.

१२ डिसेंबर
येत्या शुक्रवारी येळवस, शेत पुजायची अमावस्या. सगळं गणगोत शेतात जेवायला येणार. भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिल, खीर. पातेली ही एवढाली! अन् चुलीम्होरं कोण? मी. अंगात आधीच भट्टी पेटलेली.
ठरलं. गुरुवारी कावळा शिवणार.

१३ डिसेंबर
म्हातारीला वास लागला वाटतं. म्हणली, "तुला अजून येतंय? माझं तर तुझ्या वयात कवाच गेलतं."
"तुमचं घराणं येगळं, माझं येगळं."
"गेलं की सांग. मग देवाचा निवद बारा महिने तुझ्याकडं."
आता तर मेल्यावरच सांगीन.

१५ डिसेंबर
सून वनितानं पकडलं! कपाट आवरायली हुती. म्हणली, "आत्या, हा पॅडचा पुडा मीच आणून दिलता. फोडलाबी न्हाई. वापरता काय तुमी?"
"जुनं लुगडं."
"अन् वाळू घालता कुठं? चंद्रावर?"
बापानं लई शिकवली हिला. मला हसू आवरंना, सांगून टाकलं. तिचं तोंड बघण्यासारखं झालं.
"म्हणजे वर्षभर तुमच्या भाकरी मी फुकट थापल्या?"
"तू बसतीस तवा कोण थापतं गं?"
"मग मलाबी महिन्यातनं दोनदा येऊ द्या!"
"येऊ दे की. म्हातारीला काय सांगशील?"
"हवा बदलली म्हणीन."
शेवटी सौदा झाला. मी खाटंवर बसायचं, पण दार लावून भाज्या निवडायच्या, चिरायच्या, वाटण करायचं. चुलीवर तिनं चढवायचं. पोरगी बाजाराला गेली असती तर गाव इकून आली असती.

१८ डिसेंबर
शिवला कावळा. दार लावून ढीगभर शेंगा सोलल्या. आराम म्हणतेत तो हाच का!

१९ डिसेंबर, येळवस
घरात एकटी! पंखा फुल, पाय भिंतीला. शेतातनं येणाऱ्या ताटाची वाट बघत झोपले, कुणी हाक मारली न्हाई.
सांजच्याला म्हातारी शेतातनं आली ती म्हणतच, "वनिताच्या हाताला काय चव आली गं औंदा!" सगळं वाटण माझं, ते बी विटाळात केलेलं! देव काय बोलला न्हाई. पोटबी कुणाचं दुखलं न्हाई.

२१ डिसेंबर
आज खरंच आलं.
घरात कुणाला नवल न्हाई. त्यांच्या हिशेबानं मी बसलेलीच हाय. वनिताला सांगितलं तर हसली, "आत्या, येळवस झाली की, आता कावून?" मी नुसतं लुगडं दाखवलं. तिचं हसू थांबलं. म्हणली, "वर्ष उलटून गेल्यावर आलं तर दाखवावंच लागतं. उद्याच अंबाजोगाईला चला."
मालक संगं येतो म्हणतेत. या. पण डॉक्टरीणबाईनं इचारलं, आधीची कवा आलती, की हे म्हणणार, "येती की दर महिन्याला!" म्हणून आताच सांगून ठेवलं. तुमी बाहेर बाकड्यावर बसायचं. आत जे इचारतील त्याचं उत्तर मी देणार. दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं न्हाई.